गेम खेळतानाच पीसी बंद पडतो, तेव्हा दोष कसा शोधायचा?

ब्राउझर, चित्रपट, रोजची कामे सगळे सुरळीत चालते आणि गेम सुरू करून वीस मिनिटे झाली की पीसी मान टाकतो. अशा वेळी अनेक जण थेट विंडोज पुन्हा टाकतात. त्यात अख्खा दिवस जातो आणि दोष हार्डवेअरमध्ये असेल तर तो जिथल्या तिथेच राहतो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी पीसी नेमका कसा बंद पडतो ते पाहावे.

वीज गेल्यासारखा क्षणात बंद किंवा रीस्टार्ट झाला, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. चित्र गोठले, आवाज एकाच सुरात अडकला, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवता यावे म्हणून असलेले सॉफ्टवेअर) किंवा रॅम. निळा पडदा आला तर त्यावरचा कोड मोबाइलने टिपून ठेवा. नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला, तर ड्रायव्हर, रॅम किंवा खराब झालेल्या गेम-फाइल्स.

मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे पीसीतल्या घडामोडींच्या नोंदवहीत, सिस्टिमच्या नोंदी उघडा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' बहुधा सापडेलच. त्यातला 'पॉवर' शब्द वाचून घाईने नवा एसएमपीएस आणू नका. पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढेच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही. खरी माहिती तिच्या आजूबाजूला असते. 'डिस्प्ले ४१०१' म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने ठरलेल्या वेळेत, म्हणजे साधारण २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' म्हणजे हार्डवेअरने स्वतःच कळवलेली चूक. ही दिसली तर विंडोजमागे लागण्यात अर्थ नाही.

आता विजेचा प्रश्न, कारण सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. ३०० वॅटचे ग्राफिक्स कार्ड सरासरी ३०० वॅट घेते. पण दृश्य अचानक बदलले की अगदी क्षणापुरती ही मागणी दुपटीच्या आसपास उसळू शकते. एसएमपीएसमधल्या संरक्षक सर्किटला ती धोक्याची वाटते आणि ते पुरवठा तोडते. म्हणून कागदावर ६५० वॅट पुरेसे दिसत असूनही पीसी बंद पडतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट भार सोसायला सांगितले, ते याचसाठी. ताणाची चाचणी, म्हणजे मुद्दाम पूर्ण भार टाकणारे सॉफ्टवेअर, तासभर पार करणारा पीसीही गेममध्ये कोसळतो, त्याचे कारणही हेच: चाचणीतला भार बराचसा एकसारखा असतो, गेममधला सतत उड्या मारतो.

केबलही तपासा. ८ पिनांचा एक प्लग १५० वॅटसाठी असतो. कार्डाला असे दोन प्लग लागत असतील, तर एकाच केबलची दोन टोके लावण्याऐवजी एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. दुसऱ्या एसएमपीएसची सुटी केबल मात्र कधीच वापरू नका. प्लग बसला तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि सुटे भाग जळतात.

एक फुकटची चाचणी फार उपयोगी आहे. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रे) ६० वर बांधा, किंवा एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज घेण्याची कमाल मर्यादा, ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. बंद पडणे थांबले, तर दोष बहुधा वीज, उष्णता किंवा कार्ड यांपैकी एकात आहे.

उष्णता वेगळी काढायला एचडब्ल्यूइन्फो या तापमान मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने तापमान फाइलमध्ये नोंदवत राहा आणि बंद पडण्याआधीची शेवटची ओळ वाचा. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची १०० अंश. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे गेम अडखळू लागतो. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही ७० अंशांवर असताना पीसी पटकन बंद पडला, तर त्यांच्या उष्णतेला दोष देऊ नका.

रॅमच्या बाबतीत एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) म्हणजे एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, हे विसरले जाते. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ते बंद करून खेळून पाहा. नंतर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चार फेऱ्या चालवा. एक चूकसुद्धा चालत नाही. चूक आली तर एकेक रॅम वेगळी लावून तपासा.

इंटेलच्या १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल आणि कार्डावर भरपूर मेमरी असूनही 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येत असेल, तर संशय प्रोसेसरवर घ्या. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही प्रोसेसर झिजतात. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला. तो बायोस अपडेटमधून मिळतो. मात्र झालेली झीज त्याने भरून निघत नाही, प्रोसेसर वॉरंटीतच बदलावा लागतो.

ड्रायव्हरचा संशय असेल तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना पूर्ण काढून मग नवा टाका. आणि एका वेळी एकच बदल करा. पीसी वीस मिनिटांत बंद पडत असेल, तर प्रत्येक बदलानंतर त्याच गेमच्या त्याच भागात किमान तासभर खेळल्याशिवाय पुढच्या बदलाकडे वळू नका.