कंप की डिस्कायनेशिया? पार्किन्सन्समधलं दोन तऱ्हांचं हलणं

पार्किन्सन्स असलेल्या माणसाचं अंग हलताना दिसलं की घरातलं कुणीतरी म्हणतं, 'कंप वाढलाय, गोळी द्या.' कधी ते बरोबर असतं. कधी मात्र ते हलणं गोळीमुळेच चाललेलं असतं; त्याला डिस्कायनेशिया म्हणतात.

कंप हा आजाराचा. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, कमी पडल्याने येणारा. हात मांडीवर निवांत असताना अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी एकमेकांवर फिरतात, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा, ठरावीक तालात. कप उचलायला हात पुढे केला की बहुधा कमी होतो, झोपेत थांबतो. सुरुवात बहुतेकदा एकाच बाजूने. घाई झाली किंवा चार लोक बघायला लागले की वाढतो. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना मुहम्मद अलींचा हात थरथरत होता, तो सगळ्या जगाने पाहिला.

डिस्कायनेशियाला ताल नसतो. मान, खांदे, कंबर, पाय असे वळवळत, डुलत राहतात की अनोळखी माणसाला वाटावं, हा मुद्दाम करतोय. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची नेहमीची गोळी, सुरू होऊन काही वर्षं झाली की बऱ्याच जणांना हा त्रास सुरू होतो. कमी वयात आजार झालेल्यांना जास्त. लेव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण दीडेक तासातच निम्म्यावर येतं. आधी मेंदूतल्या पेशी त्यातून बनलेलं डोपामिन साठवून पुरवून वापरतात. त्या पेशी घटल्या की साठवण संपते आणि प्रत्येक गोळीचा चढउतार थेट अंगावर दिसतो: औषध चढलं की डुलणं, उतरलं की कंप आणि ताठरपणा. एकाच माणसात, एकाच दुपारी दोन्ही.

२००६ मध्ये पार्किन्सन्स असलेले अमेरिकी अभिनेते मायकेल जे. फॉक्स एका निवडणूक जाहिरातीत असेच डुलताना दिसले. रेडिओवरचे रश लिंबॉ म्हणाले, याने औषध घेतलेलं नाही, नाहीतर हा नाटक करतोय. प्रत्यक्षात ती औषध घेतल्याचीच खूण होती.

माझ्या मते खरा घोळ इथे होतो. बघणाऱ्याला डिस्कायनेशिया भयंकर वाटते. पण पुष्कळ शुभार्थी (हा आजार असलेली माणसं) सांगतात, थोडं डुलू दे, चालता-बोलता येतंय, शर्टाची बटणं लावता येतायत. जखडून बसण्यापेक्षा हे बरं. पाहुण्यांसमोर कसं दिसतं, यावरून डोस ठरवायचा नसतो. डुलण्याने तोल जायला लागला, वजन उतरलं, तर मात्र उपाय करायलाच हवा: डॉक्टर डोस लहान करून जास्त वेळा विभागतात, अमँटॅडिन देतात, काहींना मेंदूतल्या इलेक्ट्रोडची शस्त्रक्रिया सुचवतात. गोळ्या आपल्या मनाने कमी करू नयेत. एकदम बंद करणं तर धोक्याचंच.

कवचबीजाचं (खाजकुयलीच्या बियांचं) चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लेव्होडोपाच असतो, म्हणजे तो वरचा डोसच झाला. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे इथे चालत नाही.

गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि हलणं कधी सुरू झालं, एवढं आठवडाभर वहीत लिहा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात ताणाने कंप वाढलेला असतो आणि नंबर येईपर्यंत डिस्कायनेशिया ओसरलेली असते. त्या दहा मिनिटांत डॉक्टरांना दिसतं ते घरातलं चित्र नसतं.