सिम्युलेशनमधून पीसीबी डिझाइनमध्ये सर्किट नेणे

मायक्रोकंट्रोलरचे सर्किट आधी संगणकावर चालवून पाहायचे आणि ते नीट चालले की त्याच आकृतीवरून छापील बोर्डाचा, म्हणजे पीसीबीचा, आराखडा काढायचा, ही इलेक्ट्रॉनिक्समधली रुळलेली पद्धत आहे. लॅबसेंटर इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रोटियसमध्ये ही दोन्ही कामे एकाच सॉफ्टवेअरमध्ये होतात. पूर्वी त्यातल्या आकृतीच्या भागाला आयसिस आणि बोर्डाच्या भागाला एरीस म्हणत. टिंकरकॅड या ब्राउझरमधल्या सिम्युलेटरमधले सर्किट ईगल या पीसीबी सॉफ्टवेअरच्या बोर्ड-फाइलच्या रूपात बाहेर काढता येते. कायकॅड या मोफत पीसीबी सॉफ्टवेअरमध्ये २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून एनजीस्पाइस हा सर्किट सिम्युलेटर आहे, पण ते मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्राम चालवत नाही.

आकृतीतून बोर्डाकडे जाते ती मुख्यतः नेटलिस्ट. कोणत्या भागाची कितवी पिन कोणाला जोडली आहे, याची ती यादी असते. प्रत्येक भागाच्या फुटप्रिंटचे, म्हणजे बोर्डावर त्याचे पाय बसतात त्या जागांच्या नकाशाचे, नावही तिच्यासोबत जाते. बोर्डाच्या खिडकीत मग सगळे भाग बारीक रेषांनी एकमेकांना बांधलेले दिसतात. या रेषांच्या गुंत्याला रॅट्सनेस्ट म्हणतात आणि तो सोडवत तांब्याचे ट्रॅक ओढायचे असतात.

खरी जोखीम फुटप्रिंटमध्ये आहे. एटमेगा३२८पी ही चिप २८ पिनांच्या डीआयपी (भोकांत बसणाऱ्या लांब पायांचे रूप) आणि ३२ पिनांच्या टीक्यूएफपी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे चपटे चौकोनी रूप) अशा दोन्ही रूपांत मिळते, पण त्यांचे पिन-क्रमांक जुळत नाहीत. समजा एलईडी पीबी५ या आउटपुटला जोडला आहे. पीबी५ डीआयपीमध्ये १९ व्या पिनवर, तर टीक्यूएफपीमध्ये १७ व्या पिनवर असते. आकृतीतले चिन्ह डीआयपीचेच ठेवून नुसते फुटप्रिंट बदलले, तर एलईडीचा ट्रॅक टीक्यूएफपीच्या १९ व्या पिनला जाऊन भिडतो. तिथे एडीसी६ आहे, आणि ती पिन फक्त अ‍ॅनालॉग इनपुट घेते. एलईडी कधीच लागणार नाही. डिझाइन रूल चेक, म्हणजे सॉफ्टवेअर आपोआप करते ती बोर्डाची तपासणी, इथे कामाला येत नाही, कारण बोर्ड नेटलिस्टशी तंतोतंत जुळलेला असतो. चूक नेटलिस्टमध्येच असते. ट्रान्झिस्टरचेही तेच. सपाट बाजू आपल्याकडे करून धरला तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन३९०४ चे बरोबर उलटे.

सिम्युलेटर बरेच काही गृहीत धरून चालतो, ते सगळे बोर्डावर प्रत्यक्ष द्यावे लागते. प्रोटियसमध्ये चिपच्या वीजपुरवठ्याच्या पिना बहुधा लपलेल्या असतात आणि परस्पर व्हीसीसी (पुरवठ्याची धन बाजू) व ग्राउंड या नावांच्या नेटना, म्हणजे जोडण्यांना, जोडल्या जातात. आकृतीत पुरवठ्याच्या नेटला वेगळे नाव दिले असेल आणि ते व्हीसीसीच्या नेटशी एक केले नसेल, तर बोर्डावर चिपपर्यंत वीज पोहोचतच नाही. पुरवठ्याच्या पिनांच्या प्रत्येक जोडीजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि रीसेटच्या पिनला १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे ती पिन पुरवठ्याकडे ओढून धरणारा रोधक, हवाच. कपॅसिटर चिपला अगदी खेटून बसवावा, दूर ठेवला तर त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

क्रिस्टलची, म्हणजे चिपला घड्याळाचे ठोके देणाऱ्या भागाची, गोष्ट अनेकांना फसवते. प्रोटियसमध्ये घड्याळाची गती चिपच्या गुणधर्मांत आकडा लिहून ठरते, आकृतीत क्रिस्टल नसले तरी प्रोग्राम धावतो. कारखान्यातून आलेली नवी एटमेगा३२८पी मात्र आतल्या ८ मेगाहर्ट्‌झच्या ऑसिलेटरला ८ ने भागून १ मेगाहर्ट्‌झवर चालते. १६ मेगाहर्ट्‌झ धरून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये दर सेकंदाला लुकलुकणारा दिवा मग १६ सेकंद घेतो. क्रिस्टल आणि त्याचे दोन छोटे कपॅसिटर बोर्डावर लावून चिपचे फ्यूज बिटही, म्हणजे घड्याळ कुठून घ्यायचे हे ठरवणाऱ्या आतल्या सेटिंगही, बदलावे लागतात.

व्हर्च्युअल टर्मिनल, ऑसिलोस्कोप यांसारखी फक्त सिम्युलेशनपुरती उपकरणे बोर्डातून वगळायची. उलट वीजपुरवठ्याचा कनेक्टर, चिपमध्ये प्रोग्राम भरण्यासाठी सहा पिनांचा आयएसपी हेडर (कनेक्टर) आणि स्क्रूची भोके आकृतीत नसतात, ती आठवणीने घालायची. प्रोटियसमधल्या एलएम०१६एल डिस्प्लेला १४ पिना आहेत, तर बाजारातल्या बहुतेक १६ बाय २ डिस्प्लेंना बॅकलाइटच्या दोन धरून १६. हातात आलेल्या मॉड्यूलच्या पिना मोजूनच कनेक्टर निवडावा.

गर्बर फाइल, म्हणजे बोर्ड बनवण्यासाठी लागणारे त्याच्या थरांचे नकाशे, कारखान्याकडे पाठवण्याआधी आराखडा कागदावर मूळ मापात छापावा आणि त्यावर खरे भाग ठेवून पाहावेत. कनेक्टरचे पाय भोकांच्या खुणांवर बसत नसतील, तर ते तिथेच डोळ्यांना दिसते.