डुब्रोव्हनिक ते कोटोर स्वतः गाडी चालवत : भारतीय पासपोर्टधारकांसाठी व्हिसा, वाहन परवाना आणि सीमेवरील कागदपत्रे

क्रोएशियातील डुब्रोव्हनिक आणि माँटेनेग्रोतील कोटोर ही एड्रियाटिक समुद्रकाठची दोन जुनी तटबंदीची शहरे १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, आणि त्यांच्यामधील सागरी रस्ता सुमारे ९० किलोमीटरचा आहे. अंतर पाहता ही एका सकाळची सहल वाटते. मात्र या रस्त्यावर शेंगेन क्षेत्राची, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची, बाहेरची हद्द लागते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. माँटेनेग्रो शेंगेनमध्येही नाही आणि युरोपीय संघातही नाही, जरी तेथे व्यवहार युरोतच चालतात. कोटोरला जाऊन डुब्रोव्हनिकला परतणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शेंगेन सोडणे आणि पुन्हा शेंगेनमध्ये प्रवेश करणे होय, आणि या सहलीची बहुतेक तयारी याच एका गोष्टीभोवती फिरते.

व्हिसा : किती प्रवेश मागावेत

भारतात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला क्रोएशियासाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासात अनेक शेंगेन देश असतील, तर ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे अर्ज करावा लागतो आणि दिवस समसमान असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. इटलीत सहा दिवस आणि क्रोएशियात तीन दिवस असा बेत असेल, तर अर्ज इटलीकडे जाईल; तो व्हिसा क्रोएशियातही चालतो.

अर्जात किती प्रवेश हवेत असा रकाना असतो आणि तेथे एक, दोन किंवा अनेक यांपैकी एक पर्याय निवडायचा असतो. एका प्रवेशाच्या व्हिसावर क्रोएशियाची चौकी ओलांडून माँटेनेग्रोत गेल्यास तो प्रवेश संपतो आणि परत येता येत नाही, मग व्हिसाची मुदत कितीही शिल्लक असो. म्हणून किमान दोन प्रवेश मागावेत. शक्य असल्यास अनेक प्रवेश मागणे अधिक शहाणपणाचे, कारण या किनाऱ्यावर आणखी एक खाचखळगा आहे. क्रोएशियातीलच स्प्लिट शहराहून डुब्रोव्हनिककडे येताना जुना किनारी रस्ता नेउम येथे बोस्निया-हर्झेगोव्हिनाच्या हद्दीतून जातो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल सुरू झाल्यापासून ही हद्द टाळता येते, परंतु मोबाइलवरील नकाशा कधी कधी नेउमचा मार्ग सुचवतो. दोन प्रवेशांचा व्हिसा असलेला प्रवासी त्या मार्गाने गेला, तर त्याचा दुसरा प्रवेश तेथेच खर्च होतो आणि कोटोरहून परतण्यासाठी प्रवेशच उरत नाही.

केवळ रकान्यात खूण करून भागत नाही. मागणीला कागदोपत्री आधार हवा. कव्हरिंग लेटरमध्ये दिवसवार कार्यक्रम देऊन कोणत्या तारखेला शेंगेन सोडणार आणि कोणत्या तारखेला परत येणार हे स्पष्ट लिहावे, आणि कोटोर किंवा जवळच्या पेरास्त गावातील मुक्कामाचे आरक्षण व भाड्याच्या गाडीचे आरक्षण सोबत जोडावे. व्हिसा हातात पडताच स्टिकरवरील प्रवेशसंख्या तपासावी. तेथे ०१ असेल तर माँटेनेग्रोचा बेत रद्द करणे हाच मार्ग उरतो. चौकीवर विनवणी करून काही साधत नाही.

प्रवासाच्या तारखेपूर्वी सहा महिन्यांपासून १५ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. निर्णयासाठी साधारण १५ दिवसांची मुदत असली, तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते, त्यामुळे उन्हाळ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल सुरू करावी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी काहीही नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, शेंगेनमधून शेवटी बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. बाकीची कागदपत्रे नेहमीचीच आहेत : छायाचित्र, विमानाचे व निवासाचे आरक्षण, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरदारांसाठी पगारपत्रके आणि रजेसह ना हरकत पत्र, व्यावसायिकांसाठी नोंदणीचे कागद. अल्पवयीन मूल एकाच पालकासोबत जात असेल, तर दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते.

प्रवास विम्याबाबत मात्र थोडे थांबावे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण पुरते, परंतु केवळ शेंगेन देशांपुरती काढलेली पॉलिसी माँटेनेग्रोत लागू होत नाही. कोटोरच्या डोंगरावरील किल्ल्याच्या पायऱ्या चढताना पाय मुरगळला, तर तो खर्च स्वतःच्या खिशातून जाईल. पॉलिसीच्या भौगोलिक व्याप्तीत माँटेनेग्रोचा समावेश असल्याची खात्री करूनच ती घ्यावी.

ज्यांनी गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमानुसार वापरले आहेत, अशा भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. अशांनी जुन्या व्हिसांच्या प्रती आवर्जून जोडाव्यात.

माँटेनेग्रोचा वेगळा व्हिसा लागतो का

वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयाला माँटेनेग्रोत ३० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येते; व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्या तारखेपर्यंतच. युरोपीय संघात प्रवेश मिळवण्यासाठी हा देश आपले व्हिसा नियम जुळवून घेत आहे, म्हणून निघण्यापूर्वी तेथील परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा पाहावा. मुक्काम करणाऱ्या परदेशी पाहुण्याची २४ तासांत नोंदणी व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करते. खाजगी घरात उतरल्यास यजमानाने ती केली का हे विचारून घ्यावे.

दिवसांच्या हिशेबातही एक बारकावा आहे. शेंगेन सोडण्याचा आणि परत येण्याचा असे दोन्ही दिवस शेंगेनमधील मुक्कामात मोजले जातात. मंगळवारी कोटोरला जाऊन बुधवारी परतल्यास व्हिसावरील एकही दिवस वाचत नाही.

जर्मनी, नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशाचा रहिवास परवाना असलेल्या मराठी मंडळींना यातील प्रवेशसंख्येची चिंता नाही. पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ ठेवले की पुरे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना मात्र तेथूनच शेंगेन व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, कारण ब्रिटनचा रहिवास परवाना क्रोएशियात प्रवेशासाठी चालत नाही.

वाहन परवाना आणि भाड्याची गाडी

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यासाठी सारथी पोर्टलवरून आपल्या आरटीओकडे अर्ज करावा. शुल्क १,००० रुपये असून परवाना एक वर्ष चालतो, आणि मूळ भारतीय परवाना सोबत नसेल तर त्याला किंमत नसते.

गाडी आरक्षित करतानाच ती माँटेनेग्रोत नेणार असल्याचे कंपनीला कळवावे. सीमापार नेण्याची लेखी परवानगी आणि ग्रीन कार्ड म्हणून ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय वाहन विमापत्र घ्यावे. यासाठी बहुतेक कंपन्या वेगळे शुल्क आकारतात. परवानगीशिवाय गाडी सीमेपलीकडे नेल्यास अपघाताच्या वेळी विमा नाकारला जाण्याचा धोका असतो. डिपॉझिट चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवले जाते, तेव्हा कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू करून घ्यावेत. डुब्रोव्हनिकचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला चिलिपी येथे, सीमेच्याच वाटेवर असल्यामुळे गाडी तेथूनच घेणे सोयीचे ठरते.

सीमेवर आणि रस्त्यावर

प्रथम क्रोएशियाची कारासोव्हिची चौकी आणि पुढे माँटेनेग्रोची देबेली ब्रियेग चौकी लागते. दोन्हीकडे सर्वांचे पासपोर्ट, गाडीचे नोंदणीपत्र, ग्रीन कार्ड आणि भाडेकरार हाताशी असावेत. जुलै-ऑगस्टमध्ये येथे मोठ्या रांगा लागतात. एका दिवसात जाऊन येण्याचा आग्रह त्या महिन्यांत धरू नये, निदान पहाटे निघावे. क्रोएशियाचा मोटार क्लब सीमेवरील वाहतुकीची ताजी स्थिती जाहीर करतो.

परतताना वेळ अधिक लागू शकतो, कारण तेव्हा शेंगेन प्रवेशाची तपासणी होते. ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नव्या प्रवेश-निर्गमन प्रणालीत शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

माँटेनेग्रोत दिवसाही गाडीचे दिवे लावणे वर्षभर बंधनकारक आहे. हेर्सेग नोव्ही ओलांडल्यावर कामेनारी येथून लेपेतानेपर्यंत गाड्यांची फेरीबोट चालते आणि ती कोटोरच्या आखाताच्या आतल्या भागाचा वळसा वाचवते. जाताना मात्र ती घेऊ नये. रिसान आणि पेरास्तमधून पाण्याला खेटून जाणारा रस्ता हेच या सहलीचे कारण आहे. फेरीबोट परतीसाठी ठेवावी.

युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आत आणण्यास प्रवाशांना मनाई आहे, त्यामुळे कोटोरच्या वर डोंगरात न्येगुशी गावी मिळणारे सुकवलेले मांस व चीज गाडीत घालून डुब्रोव्हनिकला आणता येत नाही. सापडल्यास ते जप्त होते आणि दंडही होऊ शकतो.