थकवा आलाय की झोप आलीय?

दिवसभर राबून अंग गळून गेलेलं असतं. नेहमीपेक्षा तासभर आधीच आपण अंथरुणाला पाठ टेकतो, दिवा मालवतो आणि मग डोळे टक्क उघडे. या कुशीवरून त्या कुशीवर. "एवढं दमूनही झोप का लागत नाही?" असं म्हणणाऱ्याला वाटतं की आपली झोपच बिघडली आहे. पुष्कळदा तसं नसतं. त्याला थकवा आलेला असतो, झोप आलेली नसते. यात गल्लत झाली की धड विश्रांतीही मिळत नाही आणि धड झोपही.

झोप आल्याच्या खुणा शरीरावर दिसतात. पापण्या जड होतात, वाचताना तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते, मान डुलते, शांत बसलं की डोळा लागतो. थकव्याचं तसं नाही. हातपाय उचलवत नाहीत, डोकं चालेनासं होतं, कुणाशी बोलू नये असं वाटतं. पण आडवं पडलं तरी मन जागंच राहतं.

मरे जॉन्स या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1991 साली एक साधी प्रश्नावली मांडली. 'एपवर्थ' नावाने ती आजही जगभर वापरतात. तिच्यात रोजचे आठ प्रसंग आहेत: बसून वाचताना, टीव्ही पाहताना, तासभर गाडीत नुसतं बसून जाताना, कुणाशी बोलत असताना वगैरे. प्रत्येक वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला 0 ते 3 गुण द्यायचे. 24 पैकी 10 पेक्षा जास्त गुण आले, तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असं समजतात. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती सूचना: नुसतं दमल्यासारखं वाटणं मोजू नका, प्रत्यक्ष डुलकी लागेल का एवढंच सांगा. म्हणजे हा गोंधळ किती सार्वत्रिक आहे, हे तपासणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक होतं.

झोप येते ती दोन गोष्टींच्या जोरावर. आपण जितके तास जागे असतो तितकं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. दुसरं म्हणजे मेंदूतलं घड्याळ. ते उजेड-अंधारावर चालतं आणि कधी जागं राहायचं, कधी झोपायचं याची वेळ ठरवतं. 1982 साली झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी या दोहोंची सांगड घालून दाखवली. गंमत अशी की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे घड्याळ आपल्याला जोरात जागं ठेवत असतं. म्हणून दमलो म्हणून लवकर आडवं होणारा माणूस नेमका या टप्प्यात सापडतो.

थकव्याला मात्र असा एकच उगम नाही. अंगमेहनत, तासन्‌तास एका जागी बसणं, काळजी, अंगात रक्त कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, कशानेही तो येतो. त्यातल्या बऱ्याच कारणांवर झोप हा उपाय नसतोच. दिवसभर खुर्चीत बसून आलेला थकवा थोडं चालल्याने हलका होतो, आणि काळजीने आलेला थकवा तर उलट झोप उडवतो.

रोजच्या सवयी नेमक्या इथे आडव्या येतात. संध्याकाळी दमून घेतलेली तासाभराची डुलकी साठलेली ओढ खर्च करून टाकते आणि रात्री झोप येत नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन अॅडेनोसिनला मेंदूत त्याची जागाच मिळू देत नाही. थकवा असतो तिथेच राहतो, झोप तेवढी झाकली जाते. शिवाय निम्मं कॅफिन शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. पाचच्या कपातलं निम्मं रात्री दहालाही अंगात असू शकतं.

म्हणून नुसत्या थकव्यासाठी अंथरूण गाठू नये. बसावं, गार वाऱ्यावर फिरावं, मंद उजेडात निवांत काहीतरी करावं, आणि पापण्या जड झाल्यावरच झोपायला जावं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी 1972 साली निद्रानाशासाठी सुचवलेल्या पद्धतीचं पहिलं सूत्र हेच होतं. झोप लागली नाही तर उठावं, हेही त्यातच आलं.

उलटी चूक जास्त धोक्याची आहे. खरोखर झोप कमी पडलेला माणूस "जरा दमलोय" म्हणतो आणि गाडी चालवायला बसतो. 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलेल्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांसारखी झाली. पण आपली कामगिरी एवढी घसरली आहे, हे त्यांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं. प्रौढांना सात तास तरी झोप हवी असं तज्ज्ञ म्हणतात ते उगाच नाही. कमी झोपेची सवय होते असं वाटतं, पण सवय होते ती फक्त जडपणाची. लक्ष आणि हातांची चपळाई घसरतच राहते. गाडीवर पेंग येत असेल तर ती बाजूला घेऊन थांबण्याला पर्याय नाही. खिडकी उघडून आणि गाणी लावून झोप जात नाही.

आठवडे उलटूनही थकवा किंवा पेंग चालूच राहिली तर डॉक्टरांकडे जावं, पण तिथे "थकवा येतो" एवढंच सांगून थांबू नये. बसल्या जागी डोळा लागतो का, दुपारी आडवं झाल्यावर झोप येते का, हे सांगावं. नुसता थकवा असेल तर डॉक्टर रक्ततपासणीकडे वळतील. पुरेसे तास झोपूनही दिवसा डुलक्या लागत असतील, तर झोपेत श्वास अडकत नाही ना, हे पाहतील. म्हणून जाण्यापूर्वी घरच्यांना आपल्या घोरण्याबद्दल विचारून घ्यावं, कारण श्वास अडकल्याचं झोपलेल्याला सहसा कळत नाही.