रिख्टर्सफेल्डच्या उद्यानात शेळ्या का चरतात?

दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ऑरेंज नदीच्या वळणात रिख्टर्सफेल्ड राष्ट्रीय उद्यान आहे. नदीपलीकडे नामिबिया. उत्तरेकडे शेंडा कललेली हाफमेन्स नावाची झाडं आणि दगडांच्या फटीत लपलेली कोनोफायटम ही बोटाएवढी रसाळ रोपं पाहायला लोक येतात, आणि वाटेत शेळ्यांचा कळप आडवा येतो. ती घुसखोरी नव्हे. हे उद्यान त्याच अटीवर उभं राहिलं.

1970 च्या दशकात उद्यानाचा विचार सुरू झाला, तेव्हा तिथल्या नामा समाजाच्या मेंढपाळांना हलवायचा बेत होता. 1989 मध्ये करारावर सह्या व्हायच्या तोंडावर त्यांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. पुन्हा बोलणी झाली आणि 1991 मध्ये 1,62,445 हेक्टरचं उद्यान जाहीर झालं. जमीन भाडेपट्ट्यावर, भाडं समाजाच्या न्यासाला, चराई चालू, मात्र 6,600 जनावरांच्या मर्यादेत. वर्णभेदाची राजवट अजून संपली नव्हती, हे लक्षात घेतलं तर हा विजय लहान नाही.

खरी ओढाताण नदीकाठी होते. कोरड्या दिवसांत कळप पाण्यासाठी तिथे एकवटतात, आणि पोटीस्प्राम, रिख्टर्सबर्ग हे तंबूतळही काठावरच आहेत. आतल्या कोकरबूमक्लूफला पाणीच नाही. माणशी रोज किमान 5 लिटर बरोबर न्यावं. सेडान गाडीला आत प्रवेश नाही. खडकाळ घाटात टोकदार दगडांनी टायरची बाजू फाटते, म्हणून वाळूत कमी केलेली हवा घाटाआधी पुन्हा भरावी.

2003 च्या करारानं हे उद्यान नामिबियाच्या आय-आयस या उद्यानाशी जोडलं गेलं. 2007 मध्ये जागतिक वारसा ठरलेला प्रदेश वेगळा: तो दक्षिणेला, नामा समाजाच्याच ताब्यात. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

अलीकडची डोकेदुखी म्हणजे रोपांची चोरी. 2019 नंतर कोनोफायटमची तस्करी झपाट्यानं वाढली. म्हणून फोटो टाकताना ठिकाणाची नोंद काढून टाकावी. चोरीचं रोप आपल्याकडे आलं तरी टिकणं अवघड: ते हिवाळी पावसावर वाढतं आणि उन्हाळ्यात निजतं. आपल्या पावसाळ्यात कुंडी भिजत राहिली की खोड कुजतं. हौस असेल तर बियांपासून वाढवलेलं रोप घ्यावं, आणि विक्रेत्याला ते कुठून आलं हे स्पष्ट विचारावं.