संरक्षक रिले

वीजयंत्रणेतील बिघाड ओळखून तेवढाच भाग वेगळा करण्याचा आदेश सर्किट ब्रेकरला देणारे उपकरण. प्रवाह तोडण्याचे काम ब्रेकरचे. रिले फक्त निर्णय घेतो. त्याची खरी कसोटी लागते ती कधी गप्प राहायचे, हे ठरवताना.

वाहिनीतील शेकडो-हजारो अँपिअर थेट रिलेत सोडता येत नाहीत. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) हा प्रवाह प्रमाणात उतरवून १ किंवा ५ अँपिअरच्या पट्टीवर आणते, तर पीटी (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर) विजेचा दाब ११० व्होल्टच्या आसपास. मोजमाप मर्यादेबाहेर गेले की रिलेचा संपर्क जुळतो आणि उपकेंद्रातील बॅटरीचा डीसी प्रवाह ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला, म्हणजे ब्रेकर उघडणाऱ्या वेटोळ्याला, मिळतो. बॅटरी अशासाठी, की बिघाडात वाहिनीचा दाबच कोसळतो; ट्रिपिंगसाठी त्याच्यावर विसंबून चालत नाही.

सर्वांत साधा तो ओव्हरकरंट रिले. प्रवाह जितका मोठा, तितका तो लवकर चालतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ‘स्टँडर्ड इन्व्हर्स’ वक्रानुसार टाइम मल्टिप्लायर (वेळ कमी-जास्त करणारा गुणक) १ असेल, तर सेटिंगच्या दुप्पट प्रवाहाला सुमारे १० सेकंद लागतात, दहापटीला ३. बिघाडाच्या सर्वांत जवळच्या रिलेने आधी चालावे म्हणून त्यामागच्या प्रत्येकाला साधारण ०.३ ते ०.४ सेकंद जास्त थांबवतात. यातली अडचण उघड आहे: उगमाजवळ बिघाडाचा प्रवाह सर्वाधिक, आणि तिथेच थांबणे सर्वांत लांब.

त्यामुळे उच्चदाब वाहिन्यांवर डिस्टन्स रिले वापरतात. दाबाला प्रवाहाने भागून तो बिघाडाचे अंतर काढतो; बिघाड जितका दूर, तितका हा भागाकार मोठा. पहिला झोन, म्हणजे तत्काळ ट्रिप देण्याचा टप्पा, वाहिनीच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवतात, कारण पूर्ण लांबीचा ठेवला तर मोजमापातील चुकीमुळे तो पुढच्या वाहिनीवरील बिघाडालाही तत्काळ ट्रिप देऊ शकतो. उरलेला भाग दुसरा झोन थोड्या विलंबाने सांभाळतो.

डिफरन्शियल रिले आत शिरणारा आणि बाहेर पडणारा प्रवाह ताडून पाहतो; फरक पडला तर बिघाड आत आहे असे धरतो. रोहित्र चालू करताना मात्र चुंबकनाचा मोठा झोत एकाच बाजूने येतो आणि आत बिघाड असल्याचा भास होतो. या झोतातील दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेचा घटक) ओळखून रिले स्वतःला रोखतो.

सेटिंग चुकले तर काय होते, हे ९ नोव्हेंबर १९६५ रोजी दिसले. नायगारावरील ओंटारिओच्या एका वीजकेंद्रातील रिलेचे सेटिंग फार खाली होते. बिघाड नसताना, निव्वळ भारामुळे त्याने एक वाहिनी तोडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर पडून त्याही ओळीने ट्रिप झाल्या. ईशान्य अमेरिका आणि ओंटारिओतील सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले.

फिरत्या चकतीच्या रिलेंची जागा पुढे स्टॅटिक (हलते भाग नसलेल्या इलेक्ट्रॉनिक) आणि १९८०च्या दशकापासून न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या) रिलेंनी घेतली. रोहित्राच्या तेलात साठणाऱ्या वायूवर चालणारा बुखोल्झ रिले मात्र आजही तरंगत्या फ्लोटवरच चालतो.