किरिबातीमधील घरगुती शेती व मासेमारी

मध्य पॅसिफिक महासागरातील किरिबाती (स्थानिक उच्चार किरिबास) या प्रजासत्ताकात कुटुंबे परंपरेने स्वतःच्या जमिनीवर, खारकच्छात (प्रवाळाने वेढलेल्या उथळ समुद्रात) आणि प्रवाळमंचावर (किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या सपाट पट्ट्यावर) अन्न मिळवत आली आहेत. या परंपरागत पद्धतीचा परिचय येथे दिला आहे. 12 जुलै 1979 रोजी स्वतंत्र झालेल्या या देशात 33 बेटे असून त्यांचे एकूण भूक्षेत्र सुमारे 811 चौ.किमी. आहे, अनन्य आर्थिक क्षेत्र (ज्या समुद्रातील मासळीवर देशाचा हक्क असतो) मात्र सुमारे 35 लाख चौ.किमी. इतके विस्तीर्ण आहे. लोकसंख्या सुमारे 1 लाख 20 हजार आहे. बानाबा हे उंचावलेले बेट वगळता उरलेली बेटे सखल प्रवाळबेटे आहेत. त्यांतील बहुतेक कंकणद्वीपे (खारकच्छाभोवती कड्यासारखी पसरलेली प्रवाळबेटे) असून जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर वर आहे.

अशा बेटावर शेती करायची तर पहिली अडचण मातीची. ती प्रवाळाच्या चुऱ्याची, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते. तिच्यात पाणी टिकत नाही आणि पिकांना लोह पुरेसे मिळत नाही. नदी किंवा ओढा येथे नाही. पावसाचे मुरलेले पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि त्याचा भिंगाच्या आकाराचा थर बनतो. विहिरी, झाडे आणि माणसे या सर्वांचा आधार हाच गोड्या पाण्याचा थर असल्यामुळे किरिबातीची शेती समजून घ्यायची, तर या थरापासूनच सुरुवात करावी लागते.

या थरापर्यंत पोचण्यासाठी पूर्वजांनी बेटाच्या मधल्या भागात हाताने खड्डे खणले. या खड्ड्यांत ‘बाबाई’ हे दलदलीतले महाकाय अळू लावतात. ते आपल्या अळवाच्याच कुळातले असले, तरी पाने माणसाच्या उंचीच्या वर जातात आणि खाण्यासाठी उपयोग होतो तो कंदाचा. रोपाभोवती केवड्याच्या पानांची बिनबुडाची टोपली विणून बसवतात. तिच्यात झाडांचा पालापाचोळा आणि माती थराथराने भरतात. हा पाला कुजत जातो तसा कंद पोसतो, आणि नापीक प्रवाळात माती तयार होते ती अशी, टोपलीएवढ्या जागेत. कोणत्या झाडाचा पाला, किती आणि केव्हा घालायचा हे ज्ञान घराण्यात राखले जाते व बाहेर सांगितले जात नाही. ‘कातुतू’ या लहान जाती रोजच्या खाण्यासाठी असतात. ‘इकाराओई’ या मोठ्या जाती मात्र वर्षानुवर्षे वाढवून लग्नकार्याला किंवा मानेआबा या गावच्या सभागृहातील मेजवानीला काढतात. तेथे कंदाच्या आकारावरून घराची प्रतिष्ठा ठरते. खड्डे वारसाहक्काने मुलांकडे आणि मुलींकडेही जातात, त्यामुळे एकाच खड्ड्यात अनेक नातलगांचे वाटे असू शकतात.

झाडांमध्ये नारळ, केवडा व नीरफणस ही मुख्य होत. कोकणातील वाचकाला ही तिन्ही नावे परिचित असली, तरी केवड्याचा येथील उपयोग वेगळा आहे. आपण केवड्याच्या कणसाचा सुगंध जाणतो. किरिबातीत त्याच्या पिवळ्या-नारिंगी फळाचा गर खातात. हा गर शिजवून, थापून व वाळवून केलेली ‘तुआए’ नावाची पोळी आणि भाजून केलेली ‘काबुबू’ नावाची भुकटी फार काळ टिकते. दुष्काळात आणि होडीच्या लांब प्रवासात हेच अन्न उपयोगी पडे. नारळाची न उमललेली पोय बांधून व कापून सकाळ-संध्याकाळ रस उतरवतात. झाडावर चढलेल्या पुरुषाने गाणे म्हणण्याचा जुना रिवाज आहे. ताजा रस ‘कारेवे’ मुलांनाही देतात आणि क-जीवनसत्त्वाचा तो महत्त्वाचा स्रोत आहे. आटवला की काकवीसारखा दाट ‘कामाइमाई’ होतो, आंबवला की त्याची माडी होते. वाळवलेले खोबरे विकणे हे राजधानीपासून दूरच्या बेटांवर रोख पैशाचे प्रमुख साधन असून सरकारने 2016 मध्ये त्याचा खरेदीदर दुप्पट करून किलोमागे 2 ऑस्ट्रेलियन डॉलर केला. घराजवळ डुकरे व कोंबड्या पाळल्या जातात.

मासेमारीची विभागणी जागेनुसार आणि बऱ्याच अंशी स्त्री-पुरुषांनुसार होते. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत व मंचावर स्त्रिया ‘बुन’ नावाचे शिंपले आणि वाळूत राहणारे ‘इबो’ हे कृमी खणून काढतात. पुरुष खारकच्छात जाळी लावतात आणि बाहेरच्या समुद्रात कुप्पा (ट्यूना) धरायला होडीने जातात. उडणारे मासे काळोख्या रात्री पकडतात. वाळलेल्या झावळ्यांची चूड पेटवली की मासे उजेडाकडे येतात आणि लांब दांड्याच्या जाळीत उचलले जातात. प्रवाळमंचावर दगडांच्या भिंतींचे सापळे बांधलेले दिसतात. भरतीला आत आलेले मासे ओहोटीला त्यांत अडकतात, आणि असा सापळा बाबाईच्या खड्ड्याप्रमाणेच एखाद्या कुटुंबाची मालमत्ता असतो. जास्तीचा मासा खारवून सुकवतात किंवा नातलगांत वाटतात. नातलगाने मागितलेली वस्तू नाकारायची नाही, या ‘बुबुती’ नावाच्या रूढीमुळे एका घरची मिळकत अनेक चुलींपर्यंत पोचते.

पर्जन्यमानात मोठा फरक आहे. उत्तरेकडील बुतारितारीत भरपूर पाऊस पडत असल्याने केळी व नीरफणस चांगले येतात; दक्षिणेकडील बेटे वारंवार कोरडी पडतात. महाराष्ट्रात दुष्काळाची धास्ती ‘एल निनो’ची असते, किरिबातीत ती त्याच्या उलट स्थितीची, म्हणजे मध्य पॅसिफिकचे पाणी थंड होण्याच्या ‘ला निना’ची. पाऊस न पडल्यास गोड्या पाण्याचा थर पातळ होतो, विहिरी खारट होतात आणि खड्ड्यातील बाबाई पिवळी पडते. 1938 पासून देशाच्या पश्चिमेकडील गिल्बर्ट बेटांतील कुटुंबांना त्यांच्या पूर्वेकडील फिनिक्स बेटांवर वसवण्याचा प्रयोग झाला. पाण्याच्या टंचाईमुळे 1960च्या दशकात त्या वसाहती उठवाव्या लागल्या.

आज निम्म्याहून अधिक लोक राजधानीच्या दक्षिण तरावा भागात राहतात. तेथे घरटी जमीन अपुरी, भूजल प्रदूषित आणि खारकच्छातील मासळी व शिंपल्यांवर ताण मोठा आहे. बेटे जोडण्यासाठी समुद्रात घातलेल्या भरावांमुळे माशांचे येण्याजाण्याचे मार्गही अडले. परिणामी आयात तांदूळ, मैदा व साखर हे रोजचे अन्न झाले असून मधुमेहाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि ज्या केवड्याच्या फळात व पिवळ्या गराच्या बाबाईत अ-जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य विपुल आहे, तीच ताटातून कमी होत आहेत. परदेशी ट्यूना जहाजांचे परवाना शुल्क सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग पुरवते, पण ते पैसे म्हणजे घरच्या होडीने आणलेला मासा नव्हे.

उधाणाच्या लाटा किनारा ओलांडून आत आल्या तर पिढ्यानपिढ्या सांभाळलेला खड्डा एका रात्रीत खारा होतो आणि पुरेशा पावसाने मीठ वाहून जाईपर्यंत त्यात बाबाई लावता येत नाही. समुद्राची पातळी वाढत असल्याने हा धोका वाढला आहे. 2014 मध्ये किरिबाती सरकारने फिजीतील व्हानुआ लेवू बेटावर सुमारे 20 चौ.किमी. जमीन विकत घेतली. त्या वेळी सांगितलेल्या हेतूंत देशासाठी अन्न पिकवणे हा एक होता.